नौदलाचं दार आणि ॲडमिरल रामदास



मागच्या वेळी आपण सावित्रीबाई आणि फातिमाबींच्या शाळेबद्दल बोललो. आज जरा लांब, समुद्रावर जाऊ या. आपल्यातल्या कितीतरी जणींनी अजून समुद्र पाहिलेला नाही, आणि नौदल म्हटलं की पांढरे कपडे आणि मोठी जहाजं एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण ही गोष्ट आपल्या गटाच्या बैठकीपर्यंत येऊन पोहोचते. ती नियमाची गोष्ट आहे. एखादा नियम कोण लिहितं, तो कोण बदलतं आणि बदलला तरी पुरता का बदलत नाही, हे तिच्यातून कळतं.

आजची व्यक्ती आहे ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास. ॲडमिरल हा नौदलप्रमुखाचा हुद्दा. १९९० ते १९९३ या काळात ते भारताचे नौदलप्रमुख होते. आपल्या देशाचे ते तेरावे नौदलप्रमुख.

त्यांचा जन्म ५ सप्टेंबर १९३३ रोजी मुंबईत माटुंग्याला झाला. शिक्षण दिल्लीत झालं. १९४९ साली, वयाच्या सोळाव्या वर्षाच्या आसपास, ते डेहराडूनजवळ सैनिकी शिक्षणाला गेले आणि १९५३ साली नौदलात अधिकारी झाले. इथे एक गंमत ऐका. देश १९४७ ला स्वतंत्र झाला, १९५० ला प्रजासत्ताक झाला, तरी नौदलाच्या सर्वात वरच्या खुर्चीवर तेव्हा इंग्रज अधिकारीच होता. पहिला भारतीय नौदलप्रमुख बसायला १९५८ साल उजाडलं. त्यांचं नाव व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी. पुढे कटारींची मुलगी ललिता आणि आपले तरुण अधिकारी लक्ष्मीनारायण रामदास यांचं लग्न झालं. म्हणजे सासरे पहिले भारतीय नौदलप्रमुख आणि जावई तेरावे.

रामदास यांचं मूळ काम संदेशवहनाचं. एका जहाजावरून दुसऱ्या जहाजाला आणि जहाजावरून किनाऱ्याला निरोप पोहोचवायचा, तोही शत्रूला कळू न देता. नवे अधिकारी घडवण्यासाठी कोचीला नौदलाची अकादमी उभी राहिली, तेव्हा ती उभारण्याचं कामही त्यांच्याकडे होतं.

मग आलं १९७१ चं युद्ध. आपल्यापैकी वयस्कर आयांना त्या वेळी खिडक्यांना लावलेले काळे कागद आठवत असतील. आजचा बांगलादेश तेव्हा पूर्व पाकिस्तान होता. कराचीवरच्या हल्ल्याची गोष्ट आपण दर ४ डिसेंबरला, नौदल दिनाला ऐकतो. रामदास मात्र दुसऱ्या बाजूला, बंगालच्या उपसागरात होते. 'आयएनएस बियास' या युद्धनौकेचे ते कप्तान होते, वय अडतीस. 'विक्रांत' ही विमानवाहू नौका आणि तिच्या सोबतच्या नौकांचं काम होतं पूर्वेकडचा समुद्र बंद करायचा. विक्रांतवरची विमानं चितगाव आणि कॉक्स बाजार या बंदरांवर हल्ले करत होती. बाहेरून मदत आत येऊ द्यायची नाही आणि आतलं सैन्य समुद्रावाटे निसटू द्यायचं नाही, असा तो वेढा होता. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली. त्या लढाईतल्या कामगिरीसाठी रामदास यांना वीरचक्र मिळालं.

हे आधी सांगते आहे त्याला कारण आहे. पुढे या माणसाने शांततेची भाषा केली तेव्हा काही जणांनी नाकं मुरडली. पण ज्याने स्वतः युद्ध लढलं, त्याला युद्धाची किंमत ठाऊक नव्हती असं कुणी म्हणू शकत नाही.

१९९१ सालचा एक कागद

१९९० च्या नोव्हेंबर अखेरीस रामदास नौदलप्रमुख झाले. तो काळ मोठा ओढाताणीचा होता. १९९१ मध्ये देशाकडे परकीय चलन उरलं नव्हतं. सोनं गहाण ठेवायची पाळी आली होती. आपल्या नौदलाची बरीचशी जहाजं, शस्त्रं आणि त्यांचे सुटे भाग सोव्हिएत रशियाकडून यायचे, आणि त्याच वर्षाच्या शेवटी सोव्हिएत संघच मोडला. ज्या दुकानातून आपण वर्षानुवर्षं माल आणतो ते दुकानच बंद पडावं, तशी अवस्था. जगातलं वारं बदललं होतं. १९९२ मध्ये भारत आणि अमेरिकेच्या नौदलांनी पहिल्यांदा एकत्र सराव केला. 'मलबार' नावाने तो सराव आजही चालू आहे.

पण आपल्यासाठी महत्त्वाची तारीख आहे ९ ऑक्टोबर १९९१. त्या दिवशी केंद्र सरकारची एक अधिसूचना निघाली. अधिसूचना म्हणजे सरकारने जाहीर केलेला लेखी आदेश. त्यात म्हटलं होतं की नौदलाच्या तीन शाखांमध्ये यापुढे महिलांना अधिकारी म्हणून घेता येईल. पहिली शाखा पुरवठ्याची, दुसरी कायद्याची, तिसरी शिक्षणाची.

तुम्ही विचाराल, अशा आदेशाची गरज काय होती? बाईने अर्ज करायचा, परीक्षा द्यायची, निवड झाली तर जायचं. तसं नव्हतं. १९५७ चा नौदल कायदा आहे, त्याचं नववं कलम. त्यात लिहिलेलं आहे की कोणतीही स्त्री नौदलात भरतीला पात्र असणार नाही; फक्त केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या विभागांना परवानगी देईल, तेवढ्याच विभागांत ती जाऊ शकेल. म्हणजे मूळ नियम 'नाही'चा. 'हो' म्हणायचं असेल तर वेगळा कागद हवा. आणि १९५७ पासून चौतीस वर्षं तो कागद निघालाच नव्हता. सेनादलात डॉक्टर आणि परिचारिका म्हणून बायका होत्या, त्यांची व्यवस्था वेगळी. पण नौदलाच्या बाकीच्या कामात त्यांना जागा नव्हती.

बायकांना हे काम कधी जमलंच नव्हतं, असंही नाही. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या काळात भारतीय नौदलासाठी बायकांचं एक दल उभं केलं होतं. कचेरीतलं आणि संदेशवहनाचं काम त्या करायच्या. युद्ध संपलं, गरज संपली, दल मोडलं. अडचणीच्या वेळी बाई चालते आणि अडचण संपली की तिने घरी जायचं, हे आपल्याला काही नवीन नाही. दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला बाई चालली, पण मुकादम म्हणून किती ठिकाणी चालली?

तर तो कागद निघाला तेव्हा नौदलाच्या प्रमुखपदी रामदास होते, आणि महिलांना घ्यावं या बाजूने त्यांनी वजन टाकलं. एवढ्या मोठ्या बदलात सरकारची संमती लागते, अनेकांचे हात लागतात. पण ज्या दलात बायका जाणार, त्या दलाचा प्रमुखच आडवा उभा राहिला तर कागद पुढे सरकत नाही, हेही आपण जाणतो. ग्रामपंचायतीत सचिव आणि सरपंच मनावर घेतात तेव्हाच ठराव इतिवृत्तात उतरतो. रामदास स्वतः तीन मुलींचे वडील होते. १९९२ मध्ये महिला अधिकाऱ्यांची पहिली तुकडी नौदलात आली.

काळही लक्षात घ्या. १९९२ च्या डिसेंबरमध्येच संसदेने पंचायत राजची त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि २४ एप्रिल १९९३ पासून ती लागू झाली. तिच्यामुळे आपल्याला गावच्या पंचायतीत आधी एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि पुढे महाराष्ट्रात निम्म्या झाल्या. म्हणजे नौदलात बाईने पाऊल टाकलं आणि ग्रामपंचायतीच्या खुर्चीवर बाई बसली, या दोन्ही गोष्टी साधारण एकाच वेळच्या आहेत.

दार उघडलं, पण उंबरठ्यापर्यंतच

आता खरी गोष्ट पुढेच आहे. त्या कागदाने दार उघडलं, पण सगळं नाही. तीन शाखा मिळाल्या, त्या बहुतेक किनाऱ्यावर बसून करायच्या कामाच्या. १९९८ मध्ये दुसरी अधिसूचना निघाली आणि आणखी शाखा खुल्या झाल्या. पण नोकरी मात्र ठरावीक मुदतीची. आधी थोड्या वर्षांची, मग वाढवत वाढवत जास्तीत जास्त १४ वर्षांची. पुरुष अधिकाऱ्यांना कायम होण्याची वाट होती. बायकांना नव्हती.

यात काय बिघडलं, असं वाटेल. हिशोब करून पाहा. अधिकाऱ्याला पेन्शन मिळायला २० वर्षांची सेवा लागते. बाईला १४ वर्षांच्या वर थांबताच येत नाही. म्हणजे उमेदीची सगळी वर्षं द्यायची आणि चाळिशीच्या आतबाहेर, पेन्शन न घेता, घरी यायचं. कायम नोकरी आणि मुदतीची नोकरी यातला फरक आपल्या आशाताईला आणि अंगणवाडीच्या मदतनीस ताईला समजावून सांगावा लागत नाही. काम तेच, जबाबदारी तीच, पण म्हातारपणाची सोय नाही.

२००८ साली सरकारने ठरवलं की महिलांना कायम करायचा विचार होईल, पण मोजक्याच शाखांत, आणि तोही यापुढे भरती होणाऱ्यांचा. ज्या आधीच वर्षानुवर्षं काम करत होत्या त्या बाहेरच. मग काही महिला अधिकारी कोर्टात गेल्या. २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. लेफ्टनंट कमांडर ॲनी नागराजा यांच्या नावाने तो खटला ओळखला जातो. १७ मार्च २०२० रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती अजय रस्तोगी यांनी निकाल दिला : महिला अधिकाऱ्यांना पुरुषांच्या बरोबरीने कायम नेमणुकीची संधी द्या. लढता लढता ज्यांची सेवा संपून गेली होती, त्यांच्यापैकी काहींना पेन्शनचा हक्कही मिळाला.

त्या खटल्यात बायकांच्या विरोधात कोणकोणती कारणं पुढे आली होती? त्यातलं एक ऐका. रशियन बनावटीच्या जहाजांवर बायकांसाठी न्हाणीघर आणि संडास नाही, म्हणून बायकांना समुद्रावर पाठवता येत नाही. न्यायालयाने हे कारण मानलं नाही.

मैत्रिणींनो, हे वाचलं तेव्हा मला आपली कितीतरी गावं आठवली. शाळेत मुलींसाठी वेगळा संडास नाही, म्हणून आठवीनंतर मुलगी घरी बसते. बाजाराच्या गावी सोय नाही, म्हणून बाई सकाळपासून पाणी पीत नाही. पंचायतीच्या कार्यालयात सोय नाही, म्हणून सदस्य ताई लांबलेल्या सभेतून उठून जातात आणि मग "बायकांना रस नसतो" असं बोललं जातं. सोय करायची नाही आणि सोय नाही म्हणून बाईला बाहेर ठेवायचं. समुद्र असो की गाव, युक्ती एकच. फरक इतकाच की त्या अधिकाऱ्यांनी ती युक्ती कागदावर पकडली आणि न्यायालयापुढे ठेवली.

भाईमळ्याचे रामदास

रामदास निवृत्त झाले तो दिवस ३० सप्टेंबर १९९३. त्याच दिवशी पहाटे किल्लारीत भूकंप झाला होता. लातूर-धाराशिवच्या मैत्रिणींना ती तारीख कधी विसरता येणार नाही.

निवृत्तीनंतर मोठ्या शहरात राहता आलं असतं. पण रामदास आणि ललिताताई आले आपल्या रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळच्या भाईमळा या गावी. शेती करू लागले. हा तोच अलिबागचा परिसर, जिथून कान्होजी आंग्रे यांनी मराठ्यांचं आरमार चालवलं आणि इंग्रज-पोर्तुगीजांना दाद दिली नाही. मुंबईतल्या नौदलाच्या एका तळाला 'आयएनएस आंग्रे' हे नाव त्यांच्याच आठवणीत आहे.

ललिताताईंचं स्वतःचं कामही मोठं. प्रौढ साक्षरतेच्या चळवळीत त्या दिल्लीपासून जगभर पोहोचल्या. प्रौढशिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या त्या अध्यक्ष होत्या. आपल्या गटात अंगठ्याऐवजी सही करायला शिकलेल्या आजी आहेत ना, त्या कामाची ही जगातली बाजू म्हणा.

रामदास यांनी निवृत्तीनंतर पाकिस्तान आणि भारतातल्या सामान्य लोकांना एकत्र आणायचं काम हाती घेतलं. दोन्ही देशांतले लोक एकमेकांकडे जातील, बोलतील, भांडणं बोलून मिटवतील, यासाठी एक मंच होता. त्याच्या भारतातल्या शाखेचे ते प्रमुख राहिले. १९९८ मध्ये दोन्ही देशांनी अणुचाचण्या केल्या तेव्हा त्यांनी अण्वस्त्रांना उघड विरोध केला. त्यांच्या स्वतःच्या एका मुलीने पाकिस्तानी तरुणाशी लग्न केलं होतं. ज्या देशाशी आपण लढलो त्या देशातला जावई घरात आला, आणि घर मोडलं नाही.

हे काम आपल्यापासून फार लांबचं नाही. पालघर-डहाणूकडचे आपले आदिवासी भाऊ खलाशी म्हणून बोटींवर जातात. समुद्रात कुंपण नसतं. बोट हद्दीपलीकडे गेली की पाकिस्तानी पहारेकरी धरतात, आणि घरची बाई वर्षानुवर्षं वाट बघत बसते. तिकडच्या मच्छीमारांची तीच गत आपल्याकडे होते. दोन्हीकडच्या अशा कैद्यांना सोडा, ही मागणी या मंचाच्या लोकांनी लावून धरली. २००४ मध्ये रामदास आणि पाकिस्तानातले पत्रकार, मानवी हक्कांचे कार्यकर्ते आय. ए. रेहमान या दोघांना मिळून रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

सगळ्यांना त्यांची मतं पटली असं नाही. अण्वस्त्रांबद्दल नौदलातल्याच अनेकांचं मत वेगळं होतं. पण एक गोष्ट मानावी लागते. वर्दी उतरली म्हणून बोलायचं थांबायचं नाही, आणि पदावर असताना जमेल तेवढं दार उघडायचं, या दोन्ही गोष्टी त्यांनी केल्या. १५ मार्च २०२४ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी ते गेले. २०२० चा निकाल त्यांनी पाहिला होता.

आज समुद्रावर कोण आहे?

२०१७ च्या सप्टेंबरमध्ये सहा महिला अधिकारी 'तारिणी' नावाच्या शिडाच्या बोटीतून गोव्याहून निघाल्या. कप्तान होत्या लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी. पूर्ण पृथ्वीला प्रदक्षिणा घालून २५४ दिवसांनी, मे २०१८ मध्ये, त्या गोव्याला परतल्या. बोटही गोव्यातच बांधलेली. २०१९ मध्ये नौदलाला पहिली महिला वैमानिक मिळाली, लेफ्टनंट शिवांगी. २०२३ च्या अखेरीस लेफ्टनंट कमांडर प्रेरणा देवस्थळी यांच्याकडे 'आयएनएस त्रिंकट' या युद्धनौकेची सूत्रं आली. नौदलाच्या युद्धनौकेची कप्तान होणारी ही पहिली स्त्री.

आणि गावच्या मुलींसाठी आणखी महत्त्वाचं. इतकी वर्षं बायका अधिकारी होऊ शकत होत्या, पण नाविक होऊ शकत नव्हत्या. नाविक म्हणजे जहाजावर प्रत्यक्ष यंत्रं, तोफा, दोर सांभाळणारी माणसं. २०२२ मध्ये अग्निवीर योजनेत ते दारही उघडलं. ओडिशातल्या चिल्का इथे पहिल्या तुकडीत सुमारे २७० मुलींनी प्रशिक्षण पूर्ण केलं. ही नोकरी चार वर्षांची आहे आणि त्यानंतर चारातल्या साधारण एकालाच पुढे ठेवतात, हेही मुलीला आधीच सांगा. अर्धी माहिती देऊन पाठवू नका. पुण्याजवळ खडकवासल्याला एनडीए आहे, तिथेही २०२२ पासून मुली बारावीनंतर जाऊ लागल्या. मुलगी गणित-विज्ञानात बरी असेल तर दहावीनंतर "आता पुरे" म्हणण्याआधी हे तिच्या कानावर घाला.

तर मैत्रिणींनो, १९५७ चं ते नववं कलम एका ओळीचं होतं. १९९१ मध्ये एका प्रमुखाच्या काळात त्याला पहिली फट पडली. ती रुंद करायला पुढच्या बायकांना स्वतः उभं राहावं लागलं, आणि त्यात एकोणतीस वर्षं गेली. वरच्या खुर्चीवरचा भला माणूस दार उघडू शकतो. पण आत गेल्यावर बसायला जागा, कामाचा पूर्ण मोबदला आणि म्हातारपणाची सोय हे आपल्यालाच मागून घ्यावं लागतं.

पुढच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाला की एक काम करा. आपल्या गावात असा कोणता नियम आहे, लेखी किंवा तोंडी, ज्यात बाईसाठी मूळ उत्तर 'नाही' आहे? सोसायटीचं सभासदत्व, सातबाऱ्यावरचं नाव, दूध डेअरीचं खातं, यात्रा कमिटी, काहीही असू दे. तो नियम नेमका कुठे लिहिला आहे आणि तो बदलायचा अधिकार कुणाचा आहे, हे शोधा. लिहिलेलाच नसेल तर तेही वहीत लिहा. मग ग्रामसभेत तो विषय मांडायचा की कसं, ते सगळ्या मिळून ठरवा. आणि काय सापडलं ते आपल्या रेडिओला कळवायला विसरू नका.